मेटलसाठी अ‍ॅम्प घेताना गेनचा नॉब सर्वांत शेवटी बघा

प्रश्न खानापूरहून आलाय. थोडक्यात असा: सहा तारांची गिटार, हमबकर पिकअप, ड्रॉप सी ट्यूनिंग (सर्वांत जाड तार सी पर्यंत उतरवलेली), जवळ एक साधा मल्टिइफेक्ट आणि ८ इंची स्पीकरचा २० वॉटचा सरावाचा अ‍ॅम्प. घरी टोन झकास वाटतो, पण बेळगावच्या टिळकवाडीतल्या सरावाच्या खोलीत ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार गायब. हातात ४५,००० रुपये आहेत. ट्यूब हेड (ट्यूबवर चालणारा, स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) घ्यावं, प्रीअ‍ॅम्प पेडल (टोन घडवणारा अ‍ॅम्पचा पुढचा भाग, पेडलच्या रूपात) घ्यावं की नवा मॉडेलर (प्रसिद्ध अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र)? शिवाय अमेरिकेतला मामेभाऊ दिवाळीला येतोय, त्याच्याकडून जुनं ट्यूब हेड मागवावं का?

तुम्ही विचारलंय 'कुठला अ‍ॅम्प'. पण दुखणं दुसरंच आहे. घरी चांगला वाटणारा टोन बँडमध्ये मरतो, आणि तो गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, कमी पडल्यामुळे मरत नाही. गेन जास्त झालेला असतो, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) काढून टाकलेले असतात आणि स्पीकर छोटा असतो. हे तिन्ही तसंच ठेवून लाखाचं हेड आणलं तरी तक्रार तीच राहील, फक्त जास्त मोठ्या आवाजात.

कानाची गंमत अशी की आवाज लहान असताना आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो आणि अगदी वरचा भागही दबतो. म्हणून रात्री दार लावून टोन बसवणारा माणूस हटकून बेस-ट्रेबल चढवतो आणि मिड खाली ओढतो. तेच सेटिंग सरावाला नेऊन आवाज वाढवला की खर्ज फुगतो, ट्रेबल कानात टोचतो आणि गिटार जिथे खरी राहते त्या ४०० ते २,००० हर्ट्झच्या पट्ट्यात काहीच उरत नाही. खालची जागा किक ड्रम आणि बेस गिटारची, वरची झांजांची. मधली जागा तुमची होती, ती तुम्हीच सोडून दिलीत.

पैसे काढण्याआधी तारा बघा. साडेपंचवीस इंची स्केलवर ४६ ची (०.०४६ इंच जाड) तार स्टँडर्ड ई ला, म्हणजे ८२ हर्ट्झला, साधारण ८ किलोने ताणलेली असते. तीच ड्रॉप सी ला, ६५ हर्ट्झला, उतरवली की ताण ५ किलोवर येतो. अशी सैल तार पिकने मारताच आधी वरच्या सुरात जाते आणि मग खाली येते, फ्रेटवर आपटते, आणि हाय-गेनमध्ये हा सगळा गोंधळ दहापट मोठा होतो. ५६ ची तार लावली की ताण पुन्हा साडेसात किलोच्या आसपास जातो. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच मात्र कानशीने थोडी रुंद करून घ्या, नाहीतर जाड तार अडकते आणि प्रत्येक बेंडनंतर ट्यूनिंग हलतं. तार बदलल्यावर ब्रिजवर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) पुन्हा लावायचं. 'अ‍ॅम्प टाइट नाही' या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात.

आता मुद्द्याचं. हाय-गेन टोनचा स्वभाव दोन ठिकाणी ठरतो: डिस्टॉर्शन होण्याआधी खर्ज किती कापला, आणि डिस्टॉर्शन झाल्यावर तो किती परत भरला. खर्जाच्या लहरीत ताकद जास्त असते. ती तशीच गेन स्टेजमध्ये शिरली की आधी तीच क्लिप होते (तिची टोकं कापली जातात) आणि वरचे सूर सोबत ओढून नेते. मग पाम म्यूट (तळहात ब्रिजवर टेकवून मारलेला दबका सूर) 'ठक्' असा न येता 'भुस्स' येतो. आधी कापून नंतर भरला, तर धक्का छातीत बसतो आणि सूरही सुटे राहतात.

हे पटत नसेल तर तुमच्याच मल्टिइफेक्टवर फुकटात करून बघा की. इक्वलायझरचा ब्लॉक अ‍ॅम्प ब्लॉकच्या आधी ठेवा आणि १०० ते २०० हर्ट्झ ६ डेसिबलने खाली आणा. सर्वांत जाड तारेवर चग, म्हणजे पाम म्यूटचा ठोका, वाजवा. मग तोच ब्लॉक, तेच आकडे, पण अ‍ॅम्पच्या नंतर ठेवा. पहिल्या वेळी आवाज आवळून येतो, दुसऱ्या वेळी नुसता पातळ होतो. हा फरक एकदा कानात बसला की जाहिरातीतला 'अल्ट्रा गेन' हा शब्द तुम्हाला फसवू शकणार नाही.

लोक अ‍ॅम्पसमोर ट्यूब स्क्रीमर किंवा बॉसचा एसडी-१ ही ओव्हरड्राइव्ह पेडल बूस्ट म्हणून लावतात ते याचसाठी, जास्त डिस्टॉर्शनसाठी नव्हे. ट्यूब स्क्रीमरच्या क्लिपिंग सर्किटमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. या जोडीमुळे सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल तीन वाजताच्या पुढे, टोन बारा ते एक वाजता, इतकंच. ड्राइव्ह चढवलात की हेतूच संपला: पेडल स्वतःच क्लिप करायला लागतं आणि अ‍ॅम्पचा स्वभाव त्याखाली झाकला जातो.

प्रसिद्ध अ‍ॅम्प याच नजरेने बघा. मार्शलचा जेसीएम ८०० हा १९८१ पासूनचा. त्यात ईएल३४ पॉवर ट्यूब, खर्ज सुरुवातीच्या स्टेजमध्येच कापलेला आणि मिड भरपूर. नुसता मेटलला थोडा कमी पडतो, पण समोर बूस्ट दिला की थ्रॅश आणि जुन्या हेवी मेटलसाठी अजूनही फार सच्चा. सोल्डानोचा एसएलओ-१०० हा १९८७ चा. पुढच्या बऱ्याच हाय-गेन सर्किटांत त्याचा वारसा दिसतो. पीव्हीचा ५१५० हा १९९२ मध्ये एडी व्हॅन हेलनसाठी बनवलेला, म्हणजे रॉकच्या माणसासाठी, आणि डोक्यावर घेतला तो मेटलवाल्यांनी. करार संपल्यावर पीव्हीने त्याला ६५०५ हे नाव दिलं आणि ५१५० हे नाव ईव्हीएच या ब्रँडकडे गेलं. ६एल६ ट्यूब, वरच्या मिडमध्ये एक खरखरीत दात, आणि 'रेझोनन्स' नावाचा नॉब, जो पॉवर अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे डिस्टॉर्शननंतर, खर्ज भरतो. ड्रॉप ट्यूनिंगसाठी हा सर्वांत कमी त्रास देणारा स्वभाव आहे असं माझं मत.

मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर याच्या उलट. त्याच्या प्रीअ‍ॅम्पमधून खर्ज बराच पुढे जातो आणि मॉडर्न मोडमध्ये पॉवर अ‍ॅम्पचा निगेटिव्ह फीडबॅक काढला जातो, त्यामुळे आवाज मोठा, रांगडा, पण सैल. बेस तीन-साडेतीनच्या वर नेला की चिखल. समोर बूस्ट लावला की तोच अ‍ॅम्प शहाणा होतो. मेसाच्याच मार्क मालिकेत टोनचे नॉब मुख्य गेन स्टेजच्या आधी येतात, म्हणून त्यावर बेस एक-दोनवरच ठेवायचा आणि खर्ज परत आणायचा तो पुढच्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर: ८०, २४०, ७५०, २,२०० आणि ६,६०० हर्ट्झ. बेसचा नॉब पाचवर ठेवून 'मार्क मॉडेल बेकार आहे' म्हणणारे खूप भेटतात. मॉडेलरमध्येही हेच नियम लागू, कारण मॉडेल त्या सर्किटाचंच आहे.

प्रीअ‍ॅम्प पेडल घ्यायचं तर आधी हे स्पष्ट हवं की ते कशात जाणार. प्रीअ‍ॅम्प म्हणजे अर्धा अ‍ॅम्प. त्याला पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर तरी हवा, नाहीतर कॅबिनेटचं (स्पीकरच्या पेटीचं) अनुकरण करून थेट मिक्सर. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रीअ‍ॅम्प किंवा मल्टिइफेक्ट गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या 'इनपुट'मध्ये लावणं. तिथे एका प्रीअ‍ॅम्पवर दुसरा प्रीअ‍ॅम्प बसतो, आणि मल्टिइफेक्टमधलं कॅबिनेट सिम्युलेशन चालू राहिलं तर स्पीकरवर स्पीकर. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. तुमच्या बाबतीत बहुतेक हेच होत असणार, कारण सरावाच्या छोट्या अ‍ॅम्पला बहुधा दुसरी वाट नसते. बरोबर जोडणी म्हणजे अ‍ॅम्पच्या मागे 'इफेक्ट्स रिटर्न' किंवा 'पॉवर अ‍ॅम्प इन' असेल तिथे केबल लावायची आणि कॅबिनेट सिम्युलेशन बंद करायचं. १९९१ पासून बदनाम असलेला बॉसचा मेटल झोनसुद्धा रिटर्नमध्ये लावून ऐका. तो पेडलच्या वेषातला प्रीअ‍ॅम्पच आहे, आणि त्याचा मिडचा नॉब २०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ फिरतो. माणसं तो जिथे वाईट वाटतो नेमकं तिथेच ठेवतात.

पेडलच्या खिडकीतून ट्यूब उजळलेली दिसली म्हणून भुलू नका. आत व्होल्टेज २०० च्या पुढे चढवणारं सर्किट असेल तरच ती ट्यूब अ‍ॅम्पमधल्यासारखी वागते, नाहीतर ती शोभेची समई. स्टॉकहोमच्या डेथ मेटलचा तो करवतीसारखा आवाज हवा असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. तिथे बॉसचा एचएम-२ सगळे नॉब पूर्ण फिरवून लावतात, आणि तो नियमांत न बसणारा प्रकार आहे.

स्पीकरवर लोक सर्वांत कमी खर्च करतात आणि आवाज सर्वांत जास्त तिथेच बदलतो. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमधला गांधीलमाश्यांचा आवाज त्या उतारातच मरतो. म्हणूनच प्रीअ‍ॅम्प सरळ मिक्सरला लावला की कानाला झोंबतो. सेलेशनचा व्हिंटेज ३० हा ६० वॉटचा, १ वॉटला १ मीटरवर १०० डेसिबल देणारा, वरच्या मिडमध्ये पुढे येणारा स्पीकर आहे. बँडमध्ये गिटार ऐकू यायला हाच उंचवटा कामाचा. जी१२टी-७५ मध्ये मिड दबलेले असतात. एकट्याला ऐकायला छान, दोन गिटारांच्या बँडमध्ये एकावर व्हिंटेज ३० आणि दुसऱ्यावर हा, अशी जोडी जमते. ८ इंची स्पीकरमधून ६५ हर्ट्झचा धक्का काढायची अपेक्षा ठेवू नका, तो तिथे नाहीच.

तयार कॅबिनेट महाग पडतं, आणि बेळगावात सुतारकाम उत्तम होतं, तेव्हा हा मार्ग आपल्याकडे खरंच सोयीचा. १८ मिलिमीटरचा बर्च किंवा चांगला हार्डवूड प्लाय घ्या, पार्टिकल बोर्ड नको. व्हिंटेज ३० साठी समोरच्या फळीत भोक २८३ मिलिमीटर व्यासाचं लागतं, स्क्रू २९७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. सुताराला कागदावर वर्तुळ काढून न देता स्पीकरच नेऊन द्या, चूक होत नाही. मागची बाजू पूर्ण बंद ठेवा; उघड्या पाठीत खर्ज आवळून येत नाही. जाळी उद्यमबागेत पत्र्यात कापून मिळते. दोन स्पीकर बसवताना ते एकाच दिशेने हलतात ना, हे दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलने तपासा. अ‍ॅम्प जोडलेला नको. सेलची प्लस बाजू स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवा, कोन बाहेर सरकायला हवा. एक बाहेर आणि एक आत गेला तर एकाच्या तारा उलट्या आहेत, आणि खर्ज बराचसा गायब होतो. बोट कोनवर अगदी हलकं ठेवलं तरी ती हालचाल कळते.

१६ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ८ ओहम, ८ चे दोन समांतर जोडले की ४. ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्पवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली कधीही जायचं नाही. वर गेलात तर फक्त वॉट कमी होतात. ट्यूब अ‍ॅम्पला मात्र मागे लिहिलेलाच आकडा द्यायचा, आणि स्पीकर न लावता तो कधीही चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. अ‍ॅम्प ते कॅबिनेट ही केबल स्पीकरचीच हवी. गिटारची शील्डेड केबल तिथे गरम होते.

वॉटचा हिशोब लोकांना फसवतो. ५० चे १०० वॉट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट जाणवायला साधारण १० पट वॉट लागतात. २० वॉटचं ट्यूब हेड चांगल्या १२ इंची स्पीकरवर ड्रमसमोर टिकतं. पण ड्रॉप सीच्या चगला सगळ्यात जास्त वॉट खर्ज खातो, आणि पॉवर अ‍ॅम्प तिथे दमला की खर्ज मऊ पडतो. म्हणून ट्रान्झिस्टर पॉवरमध्ये किमान १०० वॉट धरा. महाग नसतात, वजनाला हलके असतात, आणि आवाज वाढला तरी प्रीअ‍ॅम्पचा स्वभाव फारसा बदलत नाहीत. मेटलला ते सोयीचंच.

तर तुमच्या ४५,००० चं काय? हे तुमच्या मल्टिइफेक्टवर अवलंबून आहे. त्यात कॅबिनेट सिम्युलेशन वेगळं बंद करता येत असेल आणि बाहेरून आयआर फाइल (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचा डिजिटल ठसा) चढवता येत असेल, तर त्याला हात लावू नका. पैसे पॉवर आणि स्पीकरमध्ये घाला: 'पॉवर अ‍ॅम्प इन' असलेला १०० वॉटचा ट्रान्झिस्टर कॉम्बो (स्पीकर त्याच पेटीत), १२ इंची स्पीकरसह. बॉस कटानासारखा अ‍ॅम्प इथे बसतो; त्यात अर्ध्या वॉटवर उतरायची सोय आहे, शेजारी भांडायला येत नाहीत. किंवा छोटा पॉवर अ‍ॅम्प आणि वर सांगितलेलं घरचं कॅबिनेट. मल्टिइफेक्ट अगदी जुना असेल आणि सिम्युलेशन बंदच होत नसेल, तर तो विकून ऑरेंज मायक्रो डार्कसारखं छोटं हेड बघा: पुढे एक १२एएक्स७ ट्यूब, मागे २० वॉटचा ट्रान्झिस्टर पॉवर, इफेक्ट्स लूप (पुढच्या आणि मागच्या भागांमधली सेंड-रिटर्नची वाट), आणि रात्रीच्या सरावाला कॅबिनेट सिम्युलेशनचा हेडफोन आउट. समोर एक एसडी-१ आणि ८ ओहमचं कॅबिनेट. मोठ्या ड्रमरसमोर २० वॉट थोडे कमी पडतील, हे धरून चाला. पूर्ण ट्यूबचं १००-वॉटी हेड या बजेटमध्ये आणि खानापूरच्या घरात मला शहाणपणाचं वाटत नाही: त्याचा मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) नऊ वाजताच्या पुढे जाऊच शकणार नाही. किमती सतत हलतात, म्हणून भाव लिहीत नाही, पण विकत घ्यायला पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलात तर स्वतःची गिटार आणि स्वतःचीच केबल घेऊन जा. दुकानातल्या गिटारवर ऐकलेला अ‍ॅम्प हा दुसराच अ‍ॅम्प असतो.

सेटिंग लावायचं ते सरावाच्या आवाजातच, ड्रमर बसलेला असताना. सगळे नॉब मध्यावर, गेन शून्यावर. आधी मास्टर बँडच्या पातळीला आणा, मग गेन हळूहळू चढवा. पाम म्यूट भरीव वाटला की थांबा, आणि तिथून थोडा मागे या. तपासणी दोन: हात थांबला की आवाज थांबतो का, आणि पॉवर कॉर्डमध्ये मायनर थर्ड मिसळला तर तिन्ही सूर वेगळे कळतात का. नाही कळले तर गेन अजून जास्त आहे. ५१५० जातीच्या अ‍ॅम्पवर गेन चार-साडेचार, मिड पाच, बेस चार, ट्रेबल सहा, बूस्ट समोर, इथून सुरुवात करा. एकट्याने वाजवताना हा टोन थोडा नाकातला वाटेल. वाटू द्या. रेकॉर्डिंगला डावा-उजवा दोनदा वाजवणार असाल तर गेन याहूनही एक घर कमी.

गेट, म्हणजे हात थांबल्यावर गुणगुण बंद करणारं पेडल, हे हाय-गेनचं दार आहे, औषध नव्हे. आधी गुणगुण कुठून येते ते शोधा: खोलीतला डिमर, लॅपटॉपचा चार्जर, स्वस्त एलईडी दिवे. गिटार हातात धरून जागेवरच गोल फिरा; एका दिशेला गुणगुण कमी झाली तर ती पिकअप पकडतोय. राहिलेल्यासाठी बॉस एनएस-२ सारखा गेट चार केबलने लावा: गिटार गेटच्या इनपुटला, गेटचा सेंड बूस्टमधून अ‍ॅम्पच्या इनपुटला, अ‍ॅम्पचा लूप सेंड गेटच्या रिटर्नला, आणि गेटचा आउटपुट अ‍ॅम्पच्या लूप रिटर्नला. असा गेट स्वच्छ गिटार ऐकून उघडतो आणि प्रीअ‍ॅम्पचा सगळा खरखराट बंद करतो. थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट बंद होतो ती) गुणगुण बंद होईल तितकाच. त्यापुढे गेलात की लांब सुराची शेपटी कुऱ्हाडीने तोडल्यासारखी तुटते.

कॉलेजच्या फेस्टला किंवा गणपतीच्या स्टेजवर अ‍ॅम्पला माइक मिळेलच असं नाही, म्हणून आयआर लोड केलेला डीआय (थेट मिक्सरला जाणारा) आउटपुट हाताशी ठेवा. मल्टिइफेक्टमधून निघतानाच ९० हर्ट्झच्या खालचं आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचं कापून द्या. मिक्सरवाल्याची सवय नाचगाण्याची असते, म्हणजे खर्ज आधीच चढवलेला. तेव्हा गोडीत सांगायचं, 'अण्णा, गिटारचा चॅनल फ्लॅट ठेवा, हाय पास तेवढा दाबा.' समोरचा कन्नड बोलणारा असो की मराठी, हाय पास, म्हणजे खर्ज कापणारं बटण, दोघांनाही कळतो. गुणगुण आली तर डीआयचा ग्राउंड लिफ्ट दाबा. थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. दोष असलेल्या अ‍ॅम्पची बॉडी जिवंत झाली तर तारांवर हात आणि माइकवर ओठ असताना शॉक सरळ छातीतून जातो. जनरेटरवर चालणाऱ्या स्टेजवर हे दुप्पट लक्षात ठेवा.

विजेचं थोडं. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात ते २३० व्होल्ट आले तर. घरात १८० च येत असतील तर हीटरला ५ च्या आत मिळतात, आवाज मरगळतो आणि ट्यूब लवकर संपते. मल्टिमीटरने संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला असं दोनदा मोजा. फरक मोठा असेल तर स्टॅबिलायझर घ्या. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर हाय-गेन वाजवलं तर गुणगुणीची करवत ऐकू येते. तिथे दोष अ‍ॅम्पचा नसतो.

तुमच्या खानापूरच्या पावसात अजून एक गंमत होते. अ‍ॅम्पचा आवाज अचानक निम्मा होतो किंवा येतो-जातो, आणि माणूस ट्यूब बदलत बसतो. आधी एक छोटी केबल घेऊन लूपच्या सेंडमधून रिटर्नला लावा. आवाज परत आला तर दोष लूपच्या जॅकचा: आतली पट्टी ओलीने गंजून नीट टेकत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जॅक दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, झालं. आठवड्यातून अर्धा तास अ‍ॅम्प चालू ठेवला तर ही वेळच कमी येते.

आता मामेभावाचं हेड. आधी त्याच्याकडून अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीचा फोटो मागवा. तिथे फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या २३० मध्ये ते लावताच फ्यूज उडेल, किंवा फ्यूजच्या आधी दुसरं काही. २३० चा सिलेक्टर किंवा ट्रान्सफॉर्मरला दुसरा टॅप असेल तर जाणकाराकडून बदलून घेता येतं, फ्यूजचा आकडाही सोबत बदलावा लागतो. नाहीतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर: २० वॉटच्या हेडला २०० व्हीए, १०० वॉटच्या हेडला ५०० च्या वर, आणि अर्थिंग सरळ पुढे नेणारा. ६० हर्ट्झसाठीच बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, तेव्हा पहिल्या दिवशी तासाभराने हात लावून बघा. १०० वॉटचं हेड २० किलोच्या पुढे जातं, म्हणजे विमानातली एक अख्खी बॅग त्यातच संपली. १५-२० वॉटची छोटी हेड, पीव्ही ६५०५ एमएच किंवा ईव्हीएच ५१५० एलबीएक्ससारखी, १० किलोच्या आत बसतात. घेण्याआधी भावाला अर्धा तास ते चालू ठेवायला सांगा. पॉवर ट्यूबच्या आतली नारिंगी तार उजळलेली चालते, पण बाहेरची राखाडी पट्टी लाल होत असेल तर बायस (ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते सेटिंग) बिघडलाय. आवाज वर करून प्रत्येक छोट्या ट्यूबवर पेन्सिलीच्या मागच्या रबराने टिचकी मारायची. एखादी घंटेसारखी वाजली तर ती मायक्रोफोनिक (हादऱ्याचाही आवाज उचलणारी) आहे, बदलायला स्वस्त. पण झाकण उघडून आत हात घालायला त्याला सांगू नका, आणि इथे आल्यावर तुम्हीही घालू नका: प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या पुढे उरलेले असू शकतात. येताना ट्यूब काढून कपड्यांत गुंडाळायच्या आणि कुठली कुठल्या सॉकेटची याचा फोटो काढून ठेवायचा.